ब्लोअरच्या शाफ्टवरचा पिवळा पाइप काढू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

द्राक्षांची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठी करायची छाटणी, तोंडावर आली आहे. पुढचे चार महिने निफाड-दिंडोरीपासून तासगाव-मिरजेपर्यंत गावाला पहाटे जाग येईल ती ब्लोअरच्या आवाजाने. शहरात ब्लोअर म्हटले की सोसायटीतली सुकी पाने उडवायचे यंत्र डोळ्यांपुढे येते. द्राक्षपट्ट्यातला ब्लोअरही पानांसाठीच असतो, पण त्याचे काम वेगळे. मांडवावरची पाने वाऱ्याने हलवायची, उलटी करायची आणि त्याच वाऱ्यावर औषध आतपर्यंत पोचवायचे. ट्रॅक्टरच्या मागे ४०० ते ६०० लिटरची टाकी, तिच्याखाली पंप, दोन फुटांच्या आसपास व्यासाचा पंखा, पंख्याभोवती दहा-बारा नोझल, आणि हे सगळे फिरवतो तो ट्रॅक्टरचा पीटीओ, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या यंत्राला देणारे फिरते टोक. डावणी रोगाची बुरशी पानाच्या खालच्या अंगाने शिरते. तिथे औषध लावायचे तर वारा पाहिजेच, आणि पाऊस उघडल्यावर मिळालेल्या दोन-चार तासांत पाच-सहा एकर उरकायचे तर ब्लोअरला पर्याय नाही. तेव्हा हे पत्र ब्लोअरच्या विरोधात नाही.

तक्रार वेगळीच आहे. आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या कित्येक ब्लोअरच्या शाफ्टवर गार्ड नसते. ट्रॅक्टर आणि ब्लोअर यांना जोडणाऱ्या फिरत्या दांड्यावर जो पिवळा किंवा काळा प्लास्टिकचा पाइप येतो, तो. कोणी फाटला म्हणून काढलेला असतो, कोणी ग्रीस मारायला अडतो म्हणून, तर काहींना तो नव्या यंत्राबरोबर मिळालेलाच नसतो. मालकाला विचारले तर उत्तर ठरलेले: 'त्याच्यावाचून काय अडतंय?'

अडते ते असे. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला ९. शाफ्टची नळी सहा सेंटिमीटर जाडीची धरली तर एका फेऱ्यात तिच्यावर जवळपास १९ सेंटिमीटर कापड गुंडाळले जाते आणि एका सेकंदात पावणेदोन मीटर. खांद्यावरचा पंचा, साडीचा पदर, स्वेटरची सुटलेली लोकर, रेनकोटची नाडी यांतले काहीही एकदा जॉइंटच्या बोल्टला अडकले की ओरडायच्या आत माणूस शाफ्टला टेकलेला असतो. पीटीओ चालू-बंद करायचा दांडा ट्रॅक्टरच्या सीटजवळ असतो आणि अडकलेला माणूस मागे, म्हणजे बंद करायला दुसरे कोणी हजर पाहिजे. ते हजर असले तरी त्यांचा हात दांड्यापर्यंत पोचायला दोन-तीन सेकंद जातातच. नळी गुळगुळीत आहे, तिला काय अडकणार, असे म्हणणाऱ्यांनी चिखलाने आणि ग्रीसने माखलेल्या नळीवर ओला पंचा टाकून, शाफ्ट बंद असताना हाताने एकच फेरा फिरवून पाहावा. पंचा कसा चिकटून येतो ते दिसेल.

गार्ड टिकत नाही ही तक्रार मात्र खरी आहे, आणि त्याची कारणे माहीत असतील तर ते टिकवता येते. गार्ड शाफ्टवर बसवलेल्या नायलॉनच्या रिंगांवर तरंगते. आतला शाफ्ट फिरतो, गार्ड जागेवर राहते. ते जागेवर राहावे म्हणून दोन्ही टोकांना बारीक साखळ्या असतात, एक ट्रॅक्टरला आणि एक ब्लोअरला अडकवायची. साखळी तुटली की गार्ड शाफ्टबरोबर फिरू लागते, रिंग झिजते, पाइप तडकतो आणि मग वैतागून तो काढून टाकला जातो. म्हणजे दोष असतो साखळीचा आणि बळी जातो गार्डचा. रोज सकाळी इंजिन बंद असताना गार्ड हाताने फिरवून पाहा. ते शाफ्टवर मोकळे फिरले पाहिजे. जड फिरत असेल तर रिंगेला ग्रीस हवे. दर आठ तासांच्या कामानंतर दोन्ही क्रॉस (टोकांचे कोनात वळणारे सांधे), नळ्या एकमेकींत सरकतात ती जागा आणि गार्डच्या रिंगा अशा सगळ्या ठिकाणी ग्रीस मारायचे. साखळी ब्लोअर उचलल्यावर ताणली जाणार नाही इतकी सैल ठेवायची आणि शाफ्ट टांगून ठेवायला तिचा उपयोग करायचा नाही. शाफ्टचे वजन तिला पेलत नाही.

गार्ड गायब होण्याचे दुसरे कारण म्हणजे शाफ्ट कापणे. बागेतले छोटे ट्रॅक्टर आखूड, त्यांना ब्लोअर अगदी चिकटून बसतो आणि बाजारातला शाफ्ट लांब असतो. मग वेल्डिंगच्या दुकानात तो अंदाजाने कापला जातो, गार्डचे पाइप मात्र कापायचे राहतात आणि बसत नाहीत म्हणून बाजूला पडतात. कापायची रीत अशी. ब्लोअर ट्रॅक्टरला जोडा, पीटीओ बंद ठेवून हायड्रॉलिकने सावकाश खालीवर करून दोन्ही टोकांतले अंतर कुठल्या उंचीला सर्वांत कमी होते ते पाहा आणि तिथेच थांबवून इंजिन बंद करा. ब्लोअरखाली ठोकळे लावल्याशिवाय खाली वाकू नका. शाफ्टचे दोन भाग सोडवून एक पीटीओला आणि एक ब्लोअरला लावा, शेजारी शेजारी धरा आणि या सर्वांत आखूड अंतरातही पूर्ण आत गेलेली नळी तळाला टेकणार नाही, चारेक सेंटिमीटर जागा उरेल अशी खूण करा. जितके आतल्या नळीचे कापाल तितकेच बाहेरच्या नळीचे आणि तितकेच दोन्ही गार्डांचे. कापलेल्या कडा कानशीने घासून, बुरादा पुसून, ग्रीस लावून जोडा. नंतर उलट तपासा: अंतर सर्वांत जास्त असतानाही दोन्ही नळ्या एकमेकींत किमान एक तृतीयांश लांबीपर्यंत शिरलेल्या असाव्यात. यापेक्षा कमी असतील तर शाफ्ट वाकतो किंवा चालता चालता निसटतो आणि सुटलेले टोक हातोड्यासारखे आपटत फिरते. तळाला टेकत असेल तर धक्का थेट पंपाच्या आणि ट्रॅक्टरच्या बेअरिंगवर जातो. पीटीओचे सील वारंवार का जाते, याचे उत्तर पुष्कळदा या चार सेंटिमीटरमध्ये असते.

जोडताना आणखी एक बघायचे. मधल्या नळीच्या दोन्ही टोकांचे, क्रॉस धरणारे काटे एका रेषेत असले पाहिजेत. एक आडवा आणि एक उभा बसला तर शाफ्ट फेऱ्यागणिक झटके देतो, क्रॉस महिन्याभरात खडखडतो. टोकाची पिन 'टक' आवाज करून खाचेत बसली का, हे शाफ्ट ओढून पाहिल्याशिवाय कळत नाही. पिनेऐवजी बोल्ट घालणे तर बंदच करा. बाहेर आलेल्या बोल्टाच्या डोक्यालाच पंचा अडकतो.

आता चालवण्याविषयी. पीटीओ नेहमी इंजिन मंद असताना जोडायचा आणि मग थ्रॉटल हळूहळू वाढवायचे. पंख्याचे वजन मोठे, तो जागचा हलायला वेळ घेतो. फुल रेसवर दांडा टाकला तर क्रॉस किंवा गिअरबॉक्सचे दात यांपैकी एक तुटतेच. थांबवतानाही आधी रेस कमी, मग पीटीओ बंद. बंद केल्यावरही पंखा काही वेळ फिरत राहतो. पात्यांचे 'सूं' थांबले म्हणजे पंखा थांबला असे नव्हे, तो थांबलेला डोळ्यांनी दिसेपर्यंत मागच्या जाळीजवळ हात न्यायचा नाही. पंख्याचा गिअर मंद, वेगवान किंवा न्यूट्रल यांत बदलायचा तो पीटीओ पूर्ण थांबल्यावरच. टाकी भरताना आणि औषध ढवळताना पंखा न्यूट्रलला ठेवा. त्या वेळी पंपाची गरज असते, पंख्याची नाही, आणि माणसे मात्र ब्लोअरच्या सर्वांत जवळ तेव्हाच उभी असतात.

डिझेल वाचवायची एक युक्ती द्राक्षपट्ट्यात फार चालते. काही ट्रॅक्टरना पीटीओचा दुसरा, हजाराच्या आसपासचा वेग असतो. तो टाकून इंजिन मंद ठेवले तर कमी डिझेलमध्ये ५४० मिळतात, हे गणित बरोबर आहे. पण चढाला किंवा चिखलात पाय दाबला गेला की तोच शाफ्ट आणि तोच पंप आठशे-नऊशेवर जातात. ब्लोअरचा पंप ५४० साठी बनवलेला असेल तर त्यातला डायफ्राम, म्हणजे रबरी पडदा, फाटतो, पंख्याचे नायलॉनचे पाते तडकते. फिरत्या पंख्यातून सुटलेले पाते जाळी फोडून बाहेर येऊ शकते. ही युक्ती करू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. वाचलेले डिझेल एका डायफ्राम संचाच्या किमतीत निघून जाते.

वजनाकडे बघायला कोणालाच सवड नसते. बागेतला छोटा ट्रॅक्टर साधारण ८०० किलोचा धरा. त्याच्या मागे तीन पॉइंटच्या जोडणीवर ४०० लिटरची टाकी टांगली की नुसते पाणी ४०० किलो, लोखंड आणि पंप वेगळा. पुढचे टायर हलके होतात, स्टिअरिंग लोण्यासारखे फिरते आणि ड्रायव्हरला वाटते ट्रॅक्टर छान चालतोय. पुढच्या ॲक्सलवर ट्रॅक्टरच्या वजनाच्या किमान २० टक्के भार राहिला पाहिजे, म्हणजे या हिशेबात १६० किलो. तपासायला गावचा वजनकाटा आहेच: टाकी पूर्ण भरून, ब्लोअर उचलून, फक्त पुढची चाके काट्यावर घ्या. कमी भरले तर पुढे वजने लावा. शेततळ्याच्या बांधावर आणि पाटाच्या कडेने भरलेला ब्लोअर घेऊन वळायचे नाही. आणि अर्धी टाकी पूर्ण टाकीपेक्षा सुरक्षित असते, हा गैरसमज आहे. अर्ध्या टाकीतले पाणी वळणावर एकदम एका बाजूला जाते.

मांडवाच्या तारा खाली असतात म्हणून ड्रायव्हरच्या डोक्यामागची संरक्षक कमान बहुतेकांनी दुमडलेली असते. बागेत ते समजू शकते. कमान दुमडलेली असताना सीट बेल्ट लावायचा नाही, आणि बागेबाहेर पडल्याबरोबर ती उभी करून बेल्ट लावायचा. दोन्हींची अदलाबदल केली तर ट्रॅक्टर उलटल्यावर बेल्टच माणसाला खाली धरून ठेवतो. मडगार्डवर बसून 'नोझल चालतात का बघतो' म्हणणारा गडी तर कधीच नको. नोझल बघायचे ते उभ्या ब्लोअरवर, साध्या पाण्यात, बाजूला उभे राहून.

ब्लोअर ओढण्याचा असेल, म्हणजे स्वतःच्या चाकांवरचा, तर ओळीच्या टोकाला वळताना पीटीओ बंद करा. क्रॉसचा कोन फार वाढला की शाफ्ट 'टक टक' करू लागतो. तो आवाज म्हणजे क्रॉसच्या बेअरिंगचा कपाळमोक्ष जवळ आल्याची सूचना. ब्लोअर कुठलाही असो, वळण्याआधी फवाऱ्याची डावी-उजवी दोन्ही कॉक बंद करायची सवय ड्रायव्हरला लावा. नाहीतर वळून येताना तो आपल्याच धुक्यात शिरतो. त्यासाठी सुरुवातही विचारपूर्वक करावी. वारा ज्या बाजूला वाहतो त्या टोकाच्या ओळीपासून सुरू करून वाऱ्याच्या उलट दिशेने सरकत गेले की दर नवी ओळ स्वच्छ हवेत मिळते. झाडाचा शेंडा सतत डुलत असेल तर त्या दिवशी मारूच नका, कारण औषध शेजाऱ्याकडे जाईल. शेजाऱ्याकडे तुतीची बाग असेल तर तुमचे कीटकनाशक त्याच्या रेशीम अळ्यांचे एका रात्रीत वाटोळे करते.

रुमाल म्हणजे मास्क नव्हे, हे किती वेळा सांगायचे? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसच्या आसपास शेतकरी आणि मजूर दगावले. ब्लोअर तर हातपंपापेक्षा कितीतरी बारीक थेंब करतो. ओला रुमाल औषध गाळत नाही, तोंडाशी धरून ठेवतो. कार्ट्रिज असलेला मास्क, डोळ्यांवर चष्मा, नायट्राइलचे हातमोजे, आणि गमबुटाच्या आत नव्हे तर बाहेर सोडलेली पँट, म्हणजे ओघळ बुटात जात नाही. कानात बोळे किंवा कानझाप हवेतच. हातभर अंतरावर ओरडून बोलावे लागते तिथे आवाज ८५ डेसिबलच्या वर असतो आणि ब्लोअरचा ड्रायव्हर त्यात रोज चार तास बसतो. चक्कर, घाम, बारीक झालेली बाहुली, लाळ यांपैकी काही दिसले तर काम थांबवा, कपडे उतरवून अंग साबणाने धुवा, १०८ ला फोन करा आणि डब्यावरचे लेबल बरोबर न्या. ओकारी काढायचा प्रयत्न करू नका.

आता नोझल आणि पैसे. एकरी किती पाणी जाते हे बहुतेकांना टाकी संपल्यावर कळते. आधी काढायचे असेल तर हिशेब सोपा आहे. दोन ओळींतले अंतर ९ फूट म्हणजे २.७४ मीटर, वेग ताशी ४ किलोमीटर म्हणजे मिनिटाला ६६.७ मीटर. म्हणजे मिनिटाला १८३ चौरस मीटर होतात आणि ४,०४७ चौरस मीटरच्या एकराला २२ मिनिटे लागतात, वळणे सोडून. बारा नोझल, प्रत्येकी मिनिटाला दीड लिटर, म्हणजे १८ लिटर. एकराला ३९८ लिटर, जवळपास एक टाकी. आता हेच नोझल १० टक्के झिजले तर एकरी ४३८ लिटर जाते. औषधाचे प्रमाण टाकीवर ठरलेले असल्याने दर एकरात ४० लिटर द्रावणातले औषध जादा गेले. हंगामात फवारण्या किती होतात ते प्रत्येक बागायतदाराने स्वतः मोजावे आणि मग नव्या नोझलचा संच महाग आहे का ते ठरवावे.

झीज मोजायला पंधरा मिनिटे पुरतात. टाकीत साधे पाणी, पंखा न्यूट्रल, पीटीओ ५४० वर, प्रेशर कामाच्या वेळचेच. प्रत्येक नोझलवर पाइपचा तुकडा बसवून पाणी मापाच्या जारमध्ये मिनिटभर धरा. नव्याने दीड लिटर देणारे नोझल १.६५ लिटर देत असेल तर बदला. कमी देत असेल तर ते चोंदले आहे. ते तारेने किंवा सुईने टोचायचे नाही, भोक मोठे होते आणि फवारा कलतो. तोंडाने फुंकायचे तर मुळीच नाही, मऊ ब्रश आणि पाणी पुरे. बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचे मिश्रण, मारणाऱ्यांनी नोझल जास्त वेळा तपासावेत, चुन्याचे खडे भोक घासतात. चुना दुहेरी फडक्यातून गाळून घ्या आणि बोर्डो झाल्यावर त्याच दिवशी टाकी, पंप, पाइप धुवा. ते रात्रभर आत राहिले तर धातूचे भाग खाते.

पाणी कमी पडते म्हणून प्रेशर वाढवणे ही सर्वांत महाग चूक. दुप्पट पाणी काढायला प्रेशर दुप्पट करून भागत नाही, चौपट लागते. १० किलोवरून ४० किलोवर नेल्यावर थेंब धुक्यासारखे होऊन हवेत विरतात आणि पंपाची अखेर जवळ येते. पाणी वाढवायचे तर नोझल मोठे घ्या. छाटणीनंतर पाच-सात पानांवर बाग असताना उलट करायचे: वरची आणि खालची नोझल बंद, पंखा मंद गिअरवर. कोवळा फुटवा वाऱ्यानेच मोडतो आणि बंद नोझलचे औषध वाचते. औषध आत पोचले का हे बघायला पाण्याने निळा होणारा पिवळा कागद मिळतो. तो घडाजवळ, पानाच्या खालच्या अंगाला टाचणीने लावा आणि साध्या पाण्याची एक फेरी मारा. ओला चिंब होऊन ठिपके एकमेकांत मिसळले तर पाणी जास्त आहे, ते पानावरून जमिनीवर जाते. ठिपकेच नसतील तर प्रेशरला हात न लावता वेग कमी करा, वाऱ्याला आत शिरायला वेळ द्या.

पंपाचे दुखणे ओळखायला काच आहे. डायफ्राम पंपावर तेल दिसायची छोटी काच किंवा पारदर्शक वाटी असते. तेल दुधासारखे पांढरे झाले म्हणजे डायफ्राम फाटून पाणी आत गेले. त्याच क्षणी थांबायचे. 'एवढी टाकी संपवू' म्हणून चालवले तर क्रँक आणि बेअरिंग गंजतात आणि एवढ्याशा रबरापायी पंप बदलावा लागतो. डायफ्रामचा पूर्ण संच आणि तेल हंगामातून एकदा एकत्रच बदला, एकटा फाटलेला बदलला तर उरलेले पाठोपाठ जातात. प्रेशरचा काटा थरथरत असेल तर आधी पंपावरच्या हवेच्या बाटलीतली हवा पाहा. १० ते २० किलो प्रेशरवर काम असेल तर पंप बंद असताना बाटलीत ५ ते ७ किलो हवा लागते, ती टायरच्या पंपानेही भरता येते. हवा ठीक असूनही काटा नाचत असेल तर सक्शनच्या, म्हणजे पंप टाकीतले पाणी ओढतो त्या बाजूने हवा ओढली जाते आहे किंवा व्हॉल्व्हखाली कचरा आहे. सक्शनचा फिल्टर दर टाकीला धुवायचा, त्याला अपवाद नाही. पाइप सोडताना आधी प्रेशर शून्यावर आणा. एचटीपी पिस्टन पंप असेल तर तो क्षणभरही कोरडा चालवू नका. डायफ्राम पंपाला थोडे कोरडे चालणे सोसते.

पंख्याचे पाते तुटले तर तेवढेच बदलून काम भागत नाही, कारण नव्या पात्याचा कोन बाकीच्यांसारखाच लागतो आणि वजनात फरक पडला की सगळी बॉडी थरथरते. थरथर सुरू झाली की बोल्ट सैल होतात, टाकीला चीर जाते. मागच्या जाळीवर सुकी पाने, पेपरचे तुकडे, सुतळी बसते आणि वारा अर्ध्यावर येतो. लोक प्रेशर वाढवत बसतात. दर टाकीला जाळी साफ, अर्थात इंजिन बंद करून आणि चावी खिशात टाकून.

धुण्याबाबत २०१० चा धडा विसरू नये. त्या वर्षी क्लोरमेक्वाट या वाढरोधकाचा अंश सापडल्याने आपली द्राक्षे युरोपात अडकली आणि बागायतदारांचे मोठे नुकसान झाले. ते प्रकरण फवारणीच्या शिफारशीचे होते. पण अंश टाकीच्या तळातून आणि पाइपच्या कोपऱ्यांतूनही येतो, हे तेव्हापासून माहीत असून टाकी एकदा हलवून ओतून देण्याची सवय गेलेली नाही. टाकीच्या दहाव्या हिश्शाएवढे पाणी घेऊन तीन वेळा धुवा, प्रत्येक वेळी पंप चालवून नोझलमधून बाहेर काढा आणि ते पाणी बागेतच फिरवा, विहिरीकडे किंवा ओढ्याकडे नको. तणनाशकाचा ब्लोअर वेगळा नसेल तर तणनाशक ब्लोअरमध्ये घालूच नका. उसात मारायच्या टू-फोर-डीचा नुसता वास राहिलेली टाकीसुद्धा द्राक्षाचे पान पंख्यासारखे आखडवते. टाकी भरताना नळीचे टोक पाण्यात बुडवू नका, वीतभर वर धरा. मोटार बंद पडली की बुडलेली नळी औषध उलटे विहिरीत ओढते.

हंगाम संपल्यावर शाफ्ट काढून आडोशाला टांगून ठेवा. मातीत पडलेल्या शाफ्टचे गार्ड उन्हाने आणि उंदरांनी पुढच्या छाटणीपर्यंत शिल्लक राहत नाही.

शेवटी मागणी. मळणी यंत्रात हात जाऊन लोक अपंग होऊ लागले तेव्हा १९८३ साली केंद्राने धोकादायक यंत्रांचा कायदा केला. ब्लोअरच्या शाफ्टला नव्या कायद्याची गरज नाही, आहे त्या व्यवस्थेत चार ओळी घालायच्या आहेत. शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाल्यास गोपीनाथ मुंडे योजनेतून कुटुंबाला २ लाख रुपये मिळतात. पण ती योजना सातबाऱ्यावर नाव असलेल्यासाठी आणि त्याच्या घरच्यासाठी आहे. ब्लोअर चालवणारा रोजंदारीचा ड्रायव्हर आणि टाकी भरणारी मजूर बाई त्यात बसत नाहीत, आणि शाफ्टच्या सर्वांत जवळ तीच असतात. राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावरून यंत्रांना अनुदान मिळते, खरेदीनंतर मोका तपासणी होते, फोटो काढले जातात. त्या तपासणीच्या फॉर्मवर एवढे वाढवावे: शाफ्टवर पूर्ण लांबीचे गार्ड आहे का, दोन्ही साखळ्या आहेत का, पीटीओच्या टोकावरची टोपी आहे का, आणि पंख्याच्या मागची जाळी शाबूत आहे का. चारपैकी एकाचेही उत्तर नाही असेल तर अनुदान थांबवून विक्रेत्याकडून तो भाग मागवावा. फोटोही ब्लोअर ट्रॅक्टरला जोडलेला असताना बाजूने, शाफ्ट या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसेल असा घ्यावा.

आपले,
ट्रॅक्टर-ब्लोअर दुरुस्ती करणारे काही कारागीर,
निफाड तालुका, जि. नाशिक